विरळणी

तासिका तत्त्वावर नेमणूक. खोली क्रमांक चौदा,
खिडकीत एका काचेच्या जागी पुठ्ठा.
प्रथम वर्ष, तुकडी ब, विषय लेखनकौशल्य.
विभागप्रमुख म्हणाले, अहो सोपं आहे,
प्रस्तावना, विस्तार, समारोप.
आणि हजेरीचं तेवढं बघा.

जुलैत त्रेसष्ट निबंध पिशवीत घेऊन
सीबीएसला निमाणीच्या बसची वाट पाहत उभी होते.
त्रेसष्टांतले एकेचाळीस जण
आजच्या धावपळीच्या युगात राहत होते.
उरलेल्यांना कशाचं तरी
अनन्यसाधारण महत्त्व वाटत होतं.
पेठचा दिगंबर, देवळालीची शबनूर,
सातपूरची रात्रपाळी संपवून पहिल्या तासाला पेंगणारा निखलेश,
यांची युगं एक कशी?
मी लाल पेन उघडलं.
बसमध्ये, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये
खोडत गेले. माझं मलाच कौतुक वाटलं.

मग एका रात्री कपाटातून
माझाच एम.ए.चा प्रबंध काढला, सहज.
पान पहिलं, ओळ पहिली:
आजच्या धावपळीच्या युगात.
पुन्हा कपाटात ठेवला, खाली, चादरींच्या खाली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं:
काल तुमच्या हातांनी काय केलं, तेवढंच लिहा.
वर्ग गप्प. मागून कोणी विचारलं,
मॅडम, किती मार्कांना?
एकाने लिहिलं, काल हातांनी काहीच केलं नाही.
तेही मी घेतलं.

दिवाळीनंतर तिसऱ्या बाकावरची
जयवंती भोये दिसेनाशी झाली.
हजेरीत गैर, गैर, गैर.
नियमाने नाव कळवायला हवं होतं,
आज कळवू, उद्या कळवू करत राहिले.
डिसेंबरात आली, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.
बोटांची टोकं हिरवट-काळी.
दिंडोरीला आईबरोबर होते, म्हणाली, विरळणीला.
आणि एक पान पुढे केलं.

पानात प्रस्तावना नव्हती.
घड डाव्या हातात धरायचा, आवळायचा नाही.
कात्री लहान असते.
आत दडलेले मणी काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा.
मालक म्हणतो भराभर. आई म्हणते आधी फिरवून बघ.
मधे एक शब्द होता त्यांच्या घरचा,
मला न कळलेला.
मी त्याखाली लाल रेघ ओढली
आणि वर प्रमाण शब्द लिहिला, सुवाच्य.

तास संपल्यावर ती टेबलाशी थांबली.
पान माझ्याकडे फिरवलं, बोट त्या रेघेवर.
मॅडम, हा चांगला मणी होता.

नंतर वर्गात बरंच काही बोलले असेन,
काय ते आठवत नाही. हिवाळ्याचे तास लवकर संपतात,
पुठ्ठ्याच्या फटीतून गार वारा येत होता,
निखलेश जागा होता, एवढं आठवतं.

आता वही आली की आधी फिरवून बघते.
पेन्सिल वापरते. पेन्सिलीचं टोक मोडतं, रागही येतो.
परवाच दिगंबरचा अख्खा परिच्छेद
चुकीचा कापला, त्याला सॉरी म्हणाले,
तो म्हणाला, चालतं मॅडम,
पण त्याला चाललं नव्हतं.

सत्राअखेरीचे त्रेसष्ट निबंध आले.
धावपळीचं युग सतराच वह्यांत उरलंय.
विभागप्रमुखांना यात काही विशेष वाटलं नाही,
जुलैपासूनच्या तासांचे पैसेही अजून यायचेत.

जयवंतीचा तो शब्द
मी इथे लिहिणार नाही.
तिने मला तो म्हणून दाखवलाय, दोनदा.
मला अजून नीट म्हणता येत नाही.